पोफळीवरचं गोणपाट

प्रियदर्शनीनं सुतळीची गाठ दातांनी आवळली आणि गोणपाटावरून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स गुंडाळला. पुढारी उलटा झाला. हात जोडलेले, डोकं खाली. ती एकटीच हसली. सोबत हसायला दुसरं कुणी नव्हतंच.

आत गुडघ्याएवढी पोफळ होती. मयूरीवहिनीनं लग्नानंतर ती घाटाखालच्या माहेराहून एसटीत मांडीवर धरून आणली होती. सुपारीचं झाड इकडं जगत नाही, हे गावातल्या प्रत्येकानं थांबून सांगितलं. पाटणच्या वरच्या अंगाला गाव. थंडीत पहाटे गवतावर साय धरल्यासारखं पांढरं दिसायचं. वहिनी ऐकून घ्यायची आणि पाणी घालायची.

दिवाळीला ती माहेरी गेली, ती अजून आली नव्हती. भांडण म्हणावं तर झालंच नव्हतं. पाटणच्या एका बालवाडीत तिला शिकवायला बोलावलं होतं, एवढंच. आई म्हणाली, “साईराज रजेवर येऊ दे, मग बघू. असल्या पावसा-गारठ्यात एसटीनं कशाला हिंडतीस? घरात काय कमी हाय?” आणि स्वतःची शाल तिच्या अंगावर घातली. पुढं वहिनी दळणाला निघाली तरी आई म्हणायची, “तू बस, मी जाते.” साईराजदादा लडाखला. वहिनी बसायची.

जाताना शाल ट्रंकेवर घडी घालून ठेवली होती.

प्रियदर्शनी तालुक्यात वक्तृत्वात पहिली आली, त्या दिवशी आई म्हणाली, “बरं झालं. हात धू, जेव.” वहिनीनं अख्खं भाषण पुन्हा म्हणायला लावलं असतं. मग प्रियदर्शनीनं ते पोफळीसमोर म्हटलं, हातवाऱ्यांसकट. उलट्या पुढाऱ्यानं हात जोडले.

आता वहिनीची पहिली संक्रांत तोंडावर आली होती. आईनं काळी साडी आणून ठेवली होती, हलव्याचे दागिने सांगितले होते. वहिनी येईल तेव्हा पोफळ हिरवीगार दिसायला हवी, एवढंच प्रियदर्शनीनं धरून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी तिनं कुंपणापाशी उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. रेंज तिथंच यायची. आई अंगणात तीळ पाखडत होती.

“वन्सं, माझी पोफळ दाखवा की,” वहिनी म्हणाली. धाकट्या नणंदेला असं मानानं बोलवायची तिला भारी हौस.

प्रियदर्शनीनं फोन फिरवला. वहिनी खळखळून हसली.

“अगंबाई, हे कोण? आणि सकाळी सोडता कधी?”

“सोडायचं कशाला? आत लय ऊब हाय.”

पलीकडं हसू थांबलं.

“रात्री झाकायचं, वन्सं. दिवसा उघडायचं असतं. थंडीनं मरायच्या आधी आतल्या आत कुजतं ते.”

सुपाचा आवाज बंद झाला होता.

“वैनी, संक्रांतीला येतीस नव्हं?”

“आई आहेत का तिथं?”

“हाय की. देऊ?”

“नको,” वहिनी म्हणाली. “राहू दे.”

फोन ठेवून प्रियदर्शनीनं सुतळी कापली. कोंदट वास आला. फ्लेक्स आतून ओलाकिच्च होता. पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती. मधली न उलगडलेल्या पानाची सुरळी तेवढी हिरवट. ती घट्ट आहे का ओढून बघावी म्हणून तिनं बोटं लावली, आणि काढून घेतली.

आई सूप घेऊन मागं उभी होती.

“मी तर दोन-दोन गोणपाटं दिली,” ती म्हणाली.

“व्हय की.”

रात्री एकच गोणपाट घातलं.

सकाळी दप्तर घेऊन प्रियदर्शनी बाहेर आली, तेव्हा गोणपाट कुंपणावर वाळत होतं आणि पोफळ कोवळ्या उन्हात उघडी होती. शेजारी आई उकिडवी बसलेली.

“पाटणची सकाळची एसटी रोजची हाय?”

“रोजची.”

“आन् संध्याकाळी माघारी?”

“येती की. कुणाला जायचंय?”

आईनं एक पिवळं पान दुसऱ्यापासून अलगद सोडवलं.

“जाताना फोन ठेवून जा,” ती म्हणाली. “आन् त्यो कसा लावायचा, तेवढं दाव.”