अक्काच्या आवाजाची दुसरी प्रत

कुंभकोणमचे रघुनाथराव भूगोलाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी इतिहासाच्या मागे लागले. इतिहास जगाचा नव्हे, स्वतःच्या घराचा. तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलेला आपला मूळपुरुष कोण, त्याची मुलं किती, कोणती लेक कुठल्या घरी दिली, हे शोधण्यात त्यांची अकरा वर्षं गेली. मोडी कागदांचे फोटो, पट्टीश्वरम्‌च्या जुन्या नातेवाइकांकडच्या पत्रिका, आठ पिढ्यांचा वंशवृक्ष, सगळं दिवाणखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये होतं. घरात पाहुणा आला की कॉफीच्या आधी वंशवृक्ष यायचा. पत्नी वत्सलाबाई म्हणायच्या, आठवी पिढी येईस्तोवर पाहुणा उठून जातो.

पण या सगळ्यात एक चीज अशी होती, की तिच्यापुढे उरलेला वंशवृक्ष पालापाचोळा. ती म्हणजे अक्काचा आवाज. रघुनाथरावांची थोरली बहीण तिरुनीलक्कुडीला राहायची. सहा वर्षांपूर्वी तिच्यापुढे बसून त्यांनी तिला बोलतं केलं होतं. नऊ तास. कागदांत पुरुषांची नावं असतात. बायकांची नावं, बाळंतपणात गेलेल्या, माहेरी परत आलेल्या, वेड्या, सुगरण, सगळ्या अक्काच्या तोंडात होत्या. दोन वर्षांपूर्वी अक्का गेली. त्यानंतर रघुनाथराव रोज संध्याकाळी त्यातली दहा मिनिटं ऐकायचे. वंशवृक्षासाठी ऐकतो असं सांगायचे, आणि वत्सलाबाई ते खरं मानल्यासारखं दाखवायच्या.

बंगळूरला नोकरी करणारी त्यांची लेक अक्षया फोनवर एकच धोशा लावायची. "अप्पा, बॅकअप घेतलात कीं नाहीं? तीन प्रती ठेवा. त्यातली एक घराबाहेर."

घेतला होता की! लेकीनं दिलेल्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवून ती कॉम्प्युटरशेजारीच बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. पेन ड्राइव्ह होता, तोही त्याच डब्यात. म्हणजे प्रती तीन झाल्या. घराबाहेरचं कलम तेवढं राहिलं होतं, कारण घराबाहेर म्हटलं की एकच घर डोळ्यांपुढे यायचं. दारासुरम्‌चं. चुलतभाऊ सुंदररावांचं.

अक्कानं तर त्या नऊ तासांच्या शेवटी बजावलंच होतं, "हें सुंदरालाही दे रे. तोही माझ्याच हातचं जेवून मोठा झाला." रघुनाथराव हो म्हणाले होते. आज देऊ, उद्या देऊ करता करता दोन वर्षं गेली आणि मग सुंदररावांच्या मुलीचं लग्न आलं.

त्या लग्नात सुंदरराव व्याह्यांना सांगत होते, की आमचे मूळपुरुष व्यंकोबा घोडदळाचे सरदार. सांगेनात का बापडे! लग्नाच्या मांडवात प्रत्येकाचाच मूळपुरुष घोड्यावर असतो. पण रघुनाथरावांच्या पिशवीत कागदाची नक्कल होती आणि पोटात सत्य मावत नव्हतं. भर पंक्तीत उभे राहून त्यांनी वाचून दाखवलं, की व्यंकोबा तलवार घेऊन आले नव्हते, पळी घेऊन आले होते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आचारी होते ते. व्याही हसले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे अकरा वर्षं कागद वाचून माणसाला कळत नाही. सुंदरराव त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, आणि पुढची चार वर्षंही बोलले नाहीत. अक्काच्या अकराव्या-बाराव्याला दोघे एकाच पंक्तीत बसले, पण मीठ मागायचं झालं तरी तिसऱ्याकरवी. प्रत द्यायची राहिली ती राहिलीच.

यंदा सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी घरातली विद्या म्हणून जे जे असेल ते देवीपुढे मांडायचं, त्याला गंध-कुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, उतरवून घेईपर्यंत वाचायचं नाही की लिहायचं नाही. रघुनाथरावांची विद्या कुठे होती? त्यांनी सीपीयू उचलून देवघरात आणला. हार्ड डिस्क आणली आणि ती एकटी पडू नये म्हणून वायरीनं त्याला जोडून ठेवली. पेन ड्राइव्हही खोचला. तिघांना गंध लागलं, फूल वाहिलं गेलं. मग कलश कुठे ठेवायचा? देवीला उंच आसन हवं. सीपीयूइतकं उंच आणि सपाट देवघरात दुसरं काही नव्हतं.

"पाण्याचा कलश आहे तो," वत्सलाबाई म्हणाल्या.

"सरस्वती आहे ती," रघुनाथराव म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघर उघडलं तर नैवेद्याचे चुरमुरे आणि डाळं चहूकडे सांडलेले, आणि कलश आडवा. गणपतीचं वाहन रात्री जेवून गेलं होतं. सीपीयूच्या वरच्या जाळीवर आंब्याची पानं चिकटली होती आणि हार्ड डिस्क ओल्या कुंकवात बसली होती.

इथवरही फारसं बिघडलं नव्हतं. दोन दिवस उन्हात ठेवलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. वत्सलाबाईंनी तसं सांगितलंही. पण विजयादशमी होती! ज्या विद्येची पूजा केली, तिचा त्या सकाळी श्रीगणेशा करायलाच हवा, चार ओळी का होईना. तो चुकला तर वर्षभर विद्या रुसते, हे रघुनाथरावांनी तीस वर्षं वर्गातल्या पोरांना सांगितलं होतं. त्यांनी उपरण्यानं सीपीयू पुसला, दिवाणखान्यात नेला, तिघांना जोडलेलं तसंच ठेवून प्लग लावला, हात जोडले आणि बटण दाबलं.

फट् असा आवाज झाला. जळका वास आला. मग काहीच झालं नाही.

दुकानदार विघ्नेशनं तिन्ही वस्तू उघडून पाहिल्या. आतल्या हिरव्या पट्टीवर त्याला कुंकू सापडलं. तो तमिळमध्ये फार हळू बोलला, घरातलं माणूस गेल्यावर बोलतात तसा. "सार, चेन्नईला पाठवून बघतो. पण आशा धरू नका."

रघुनाथराव घरी येऊन रिकाम्या टेबलापुढे बसले. कागदांचे फोटो परत काढता आले असते, वंशवृक्ष तर पाठच होता. पण संध्याकाळ झाली आणि ती दहा मिनिटं आली. त्यांनी डोळे मिटून अक्काचं एक वाक्य आठवायचा प्रयत्न केला. शब्द आठवले, आवाज आठवेना. तेव्हा मात्र ते लहान मुलासारखे रडले. बहीण दुसऱ्यांदा गेली होती आणि या खेपेला त्यांनीच घालवली होती.

"एक प्रत तेव्हांच सुंदररावांना दिली असती तर," वत्सलाबाई म्हणाल्या आणि थांबल्या. पुढचं बोलून जखमेवर मीठ चोळायची त्यांना इच्छा नव्हती.

"मी जाऊन सांगतों त्याला," डोळे पुसत रघुनाथराव म्हणाले. "त्याचंही होतं तें. मी बुडवलं. सांगायला हवं."

दुसऱ्या दिवशी दोघं टाउन बसनं दारासुरम्‌ला गेली. सुंदररावांचा जरीचा व्यापार, आजूबाजूला रेशीम विणणाऱ्यांची घरं. दार सुंदररावांनीच उघडलं. चार वर्षांत त्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, आत वळून सुनेला हाक मारली, "जननी, दोन पानं वाढ," आणि बाजूला झाले.

"सुंदर, मी जेवायला आलों नाहीं. एक सांगायचं आहे."

"आधीं जेवा अण्णा. मग बोलणं."

"अरे, पण ऐकून तर घे—"

"जेवल्यावाचून मी कांहीं ऐकणार नाहीं."

रघुनाथरावांना वाटलं, हा सूड घेतोय. भर पंक्तीत अपमान केला होता, आता पंक्तीतच बसवून उट्टं काढणार. ते पानावर बसले. आंबट वरण होतं, उडदाच्या पिठाची डांगर पचडी होती. घास फिरत होता तोंडात. दोन घास कसेबसे गिळून त्यांनी हात आखडता घेतला आणि पानाकडे बघतच सगळं सांगून टाकलं. कलश, उंदीर, बटण. अक्कानं प्रत द्यायला सांगितली होती तेही, आणि आपण ती का दिली नाही तेही.

"तुझ्या वाटणीची अक्का मी दाबून ठेवली रे," ते म्हणाले. "आतां तुलाही नाहीं, मलाही नाहीं."

सुंदरराव उठले. आतून आपला फोन घेऊन आले, चष्मा लावून बराच वेळ त्यात काहीतरी शोधत राहिले.

"लग्नानंतर मी रागानं तिरुनीलक्कुडीला गेलों होतों," ते म्हणाले. "अक्काला म्हटलं, खरं काय तें तूंच सांग. तिनं सांगितलं. व्यंकोबा आचारीच. मग म्हणाली, रघू तुला कांहीं देणार नाहीं, मी ओळखतें त्याला. दर आदित्यवारीं फोन कर, सगळं परत सांगतें. जाईपर्यंत सांगत होती. मीं तें फोनांत भरून ठेवलं. हें शेवटचं."

त्यांनी फोन पानाशेजारी ठेवला आणि बटण दाबलं. थोडी खरखर झाली. मग, दमलेला पण तोच, अक्काचा आवाज आला.

"सुंदरा, रघू एक दिवस येईल बघ. कांहींतरी घालवून बसेल आणि येईल. तूं त्याला बोल लावू नको. तो आला कीं आधीं जेवू घाल, मग हें सगळं दे. आपण घोड्यावरले नव्हेत रे, आपण वाढणारे. आपल्या घरीं आधीं पान, मग बोलणं."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रघुनाथरावांना समोरचं पान दिसेना.

"दोन वर्षं वाट बघितली अण्णा," सुंदरराव म्हणाले. "तुम्हीं कांहीं घालवीनांतच."

जननीनं लॅपटॉप आणला. वत्सलाबाईंनी पिशवीतून दोन कोरे पेन ड्राइव्ह काढले. ते त्यांनी येतानाच स्टँडजवळ घेतले होते, कशासाठी ते नवऱ्याला न सांगता. एक कुंभकोणमला, एक अक्षयाकडे, मूळ इथंच. तीन घरांत तीन प्रती. फाइली उतरायला अर्धा तास लागेल, जननी म्हणाली.

रघुनाथरावांनी डावं मनगट डोळ्यांवरून फिरवलं आणि मांडी नीट घातली.

"सुंदरा," ते म्हणाले, "भात वाढ रे. सकाळपासून पोटांत कांहीं नाहीं."