हेक्टर गिलिसचं बाद झालेलं मत

केप ब्रेटनच्या कोळसा खाणीतून हेक्टर गिलिस लढाईवर गेला तेव्हा त्याला दोन पाय होते. ओटावाच्या संसदेत निवडून आला तेव्हा एक. "एका पायाचा माणूस तिथे जाऊन काय दिवे लावणार?" असं विरोधकांनी प्रचारात विचारलं. हेक्टर दर सभेत सांगायचा, "दोन पायांचे इतकी वर्षं पाठवलेत, ते तरी कुठे उभे राहिले?" खाणकामगार पोट धरधरून हसले आणि त्याला मतं देऊन मोकळे झाले.

त्यानंतर तो पुन्हा पुन्हा निवडून आला. तो बोलायला उठला की समोरचे मंत्री कागद चाळायला लागत, कारण हा बाबा दर वेळी एकच मागणं मागायचा. रणांगणावर मेलेल्याच्या बायकोला पेन्शन होती. पण अंगात छर्रे घेऊन घरी आलेला, खोकत खोकत काही वर्षं जगून मग मेलेला, त्याच्या बायकोला कवडी मिळत नव्हती. डॅनी मॅकॲस्किल असाच गेला. खाणीत तो हेक्टरच्या शेजारी असायचा आणि लढाईत, इटलीतल्या ऑर्टोना गावच्या गल्ल्यांतही शेजारीच होता. सरकारच्या लेखी मात्र तो आपल्या बिछान्यात मेला होता. त्याची बायको फ्लोरा लोकांची धुणी धूत होती, आणि हेक्टरला ते बघवत नव्हतं.

आज त्याचं विधेयक शेवटच्या मतदानाला आलं होतं. सरकारचा विरोध होता, तरी सरकारी बाकांवरचे काही जण फुटणार अशी कुणकुण होती. फ्लोरा एवढा लांबचा रेल्वेप्रवास करून आली होती आणि चर्चला घालायची टोपी घालून वर प्रेक्षकांत बसली होती.

मतदानाच्या घंटा वाजायला लागल्या तेव्हा हेक्टर जिन्यात होता, आणि नेमका तिथेच लाकडी पायाचा पट्टा तुटला. नवा पट्टा घे म्हणून त्याची बायको एफी कधीची कानीकपाळी ओरडत होती. पण तो पट्टा खाणीतल्या तट्टाच्या साजातला होता, याच्याच्यानं टाकवत नव्हता. आता भोगा.

मागून लांब मिशांचा कर्नल अँब्रोज ट्वीडी आला. अल्बर्टात हजारो गुरं बाळगणारा, सरकार पक्षाचा. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या सभागृहाला ठाऊक होतं.

"काय गिलिस, पायच फितूर झाला?"

"तुमच्याच पक्षानं फोडला असणार, कर्नलसाहेब. थांबा, टाय सोडतो, त्यानंच बांधतो."

"अरे खुळा की काय तू? टायशिवाय उभा राहिलास तर सभापती ढुंकून बघणार नाहीत तुझ्याकडे." कर्नलनं स्वतःच्या कमरेचा पट्टा काढला, जिन्यातच गुडघे टेकले आणि पाय असा आवळला की हेक्टर कळवळला.

"माझ्याविरुद्ध मत देणार ना तुम्ही? मग ही मेहनत कशाला?"

"लंगड्याला जिन्यात सोडून जिंकलो असं नातवंडांना सांगू? चल, ऊठ."

दोघं आत शिरले तेव्हा सभापती प्रस्ताव वाचत होते. आपापली जागा गाठेपर्यंत वाचून संपला. प्रस्ताव वाचला जाताना जो आपल्या आसनावर नसेल त्याला मत नाही, असा इथला नियम. पण हेक्टरच्या डोक्यात त्या घडीला फक्त फ्लोरा होती. नाव पुकारल्यावर तो ताठ उभा राहिला. विरोधाची मतं घेताना ट्वीडीही उभा राहिला, एका हातानं विजार धरून.

चिटणीसांनी आकडे वाचले. बाजूनं एकशे तीन, विरुद्ध एकशे दोन.

हेक्टरला आनंदानं हुंदकाच फुटणार होता. तेवढ्यात समोरच्या बाकांवरून पर्व्हिस नावाचा तरणा वकील उठला. "सभापती महोदय, प्रस्ताव वाचला गेला तेव्हा माननीय सदस्य गिलिस आसनावर होते का? त्यांनीच सांगावं."

इथे साक्षीपुरावे नसतात. सदस्य सांगेल ते खरं. 'होतो' म्हटलं की विषय संपला. आणि 'नव्हतो' म्हटलं तर मतं सारखी होणार, मग सभापती आपलं मत देणार. आहे ते तसंच ठेवायचं, ही अशा वेळची त्यांची रीत. म्हणजे विधेयक मेलंच.

हेक्टरनं वर बघितलं. फ्लोरा कठडा घट्ट धरून बसली होती.

"नाही, महोदय. मी आसनावर नव्हतो."

"हात दाखवून अवलक्षण!" शेजारचा दात खात म्हणाला.

कर्नलचं नाव हेक्टरच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. एक शब्द टाकला असता तर बाजी पलटली असती. पण ज्यानं गुडघे टेकून आपला पाय बांधला, त्याला त्याच्याच लोकांपुढे उघडा पाडायचा? ते त्याच्यानं होईना. तो खाली बसला. डॅनी आज दुसऱ्यांदा मेला असं त्याला वाटलं.

"एकशे दोन, एकशे दोन," चिटणीस म्हणाले. सभापती उठायला लागले.

"सभापती महोदय!" ट्वीडी उभा होता. "मीही नव्हतो. त्याच जिन्यात होतो. माझंही मत काढून टाका."

त्याच्या पक्षाचा प्रतोद त्याचा कोट ओढत होता. "खाली बसा, कर्नल! डोकं फिरलंय का?"

"कोट सोड बाबा, विजार सुटेल माझी!"

सगळं सभागृह खदखदून हसलं. मग सभापतींनी निकाल सांगितला, विधेयक मंजूर, आणि सदस्य मेजं बडवायला लागले. दोन्हीकडचे बडवत होते. पर्व्हिस आधी इकडेतिकडे बघत राहिला, मग तोही बडवायला लागला. हेक्टर त्या दणदणाटात बसून राहिला. पाय गेला तेव्हा न रडलेला माणूस आता सगळ्यांदेखत ढसाढसा रडत होता.

बाहेर फ्लोरानं त्याला गाठलं. "तू 'नाही' म्हणालास ना, तेव्हा तुझा गळाच दाबणार होते मी!"

"आता दाब. काम झालंय."

"गप रे. तो पलीकडचा लांब मिशांचा कोण? त्याला घेऊन गावी ये. खारा मासा नि बटाटे करते."

"फ्लोरा, तो आपल्या पक्षाचा नाहीये."

"माझा डॅनी तरी कुठे होता तुझ्या पक्षाचा?" फ्लोरा म्हणाली. "जन्मभर तुझ्याविरुद्धच मत देत आला तो."