कडेचं काय एवढं

"हालतंय," विजयसिंह म्हणाले. "सगळंच हालतंय की वर्धमान. माझ्या पोरीचं लगीन हाय का भूकंप?"

स्टुडिओतल्या एकुलत्या एक चांगल्या खुर्चीत ते पाय पसरून बसले होते आणि वर्धमान स्वतःच्याच दुकानात त्यांच्या मागे हात बांधून उभा होता. पडद्यावर त्यांच्या मोनाच्या लग्नातल्या अक्षता पडत होत्या. ड्रोनमधून, वरून घेतलेलं दृश्य. मंगल कार्यालयाचं लॉन, फेट्यांची गर्दी, मधे स्टेज, आणि हे सगळं ताटात वाढलेल्या पातळ पिठल्यासारखं डचमळत होतं. स्टेजचे खांब कमरेत लचकत होते. भटजी घटकेत लांब होत होते, घटकेत आखूड.

"वारं हुतं, साहेब," वर्धमान म्हणाला.

वारं नव्हतं. त्या दुपारी झाडाचं पान हललं नव्हतं. हललं होतं ते लिंबू. ड्रोन उडवायच्या आधी विजयसिंहांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, त्याला हळद-कुंकू लावलं आणि एवढ्या भारी वस्तूला नजर लागेल म्हणून त्याच्या पायाला दोऱ्याने लिंबू-मिरची बांधायला लावली. वर्धमान ड्रोनला तळहातावरच्या फोडासारखा जपणारा माणूस. पात्याला नखाएवढा टवका उडाला तरी चित्राला कापरं भरतं, म्हणून तो दर हंगामाला पाती बदलायचा. कॅमेरा ज्या रबरी बोंड्यांवर लोंबकळतो ती कडक झाली की नवी घालायचा. भर उन्हात काळी काच लावली की थरथर कमी जाणवते, तीही लावायचा. आणि एवढं सगळं करून त्याने पायाला लोंबता लिंबू घेऊन यंत्र आभाळात सोडलं होतं. का, तर साहेब म्हणाले म्हणून.

वर्धमानचा सगळा धंदाच असा चालला होता. मनात शिव्या, तोंडात साहेब. पन्हाळ्याच्या तटावर दहा हात लांब झगा ओढत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या नवऱ्या, जेसीबीच्या तोंडात बसून मांडवात येणारे नवरदेव, जेवणाच्या पंगतीतही गॉगल न काढणारे मामे, या सगळ्यांना तो मनातल्या मनात गाढवात काढायचा आणि वरून म्हणायचा, "लई भारी, जरा मान वर." स्वतःलाही तो त्याच कळपात धरायचा. चारा खाणारं गाढव आणि चारा घालणारं गाढव, फरक तो काय?

"रविवारी जावयाकडची माणसं येत्यात," विजयसिंह उठत म्हणाले. "मांडवपरतणीला. मोठ्या टीव्हीवर लावणार हाय मी. तवर ही थरथर काढ. पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस हाय, तेचंबी तुलाच द्यायचं म्हणतोय. न्हायतर यशराज हायच."

यशराज म्हणजे राजारामपुरीतलं कालचं पोर. त्याच्या पोरकटपणाला वर्धमान कितीही हसला, तरी ड्रोन त्याचा नवा होता आणि लोकांनाही नवंच लागतं.

विजयसिंह गेल्यावर वर्धमानने काम सुरू केलं. एकदा हललेलं चित्र नंतर थांबवायचा उपाय एकच. चित्र जिकडे हललं असेल त्याच्या उलट्या बाजूला कंप्युटरने ते सरकवायचं, आणि सरकवल्यावर ज्या कडा उघड्या पडतात त्या, सगळं चित्र मोठं करून, चौकटीबाहेर ढकलायच्या. जितकी थरथर जास्त, तितकी कड जास्त जाते. पहिल्या खेपेला थोडी कापून बघितली. भटजी थांबले, खांब लचकतच राहिले. आणखी कापली.

तेवढ्यात मोनाचा फोन आला, पुण्याहून.

"काका, आत्ती कुठं दिसत्या का ओ व्हिडिओत?"

वर्धमानने जीभ चावली. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या हातांनीच मोनाने त्याला बजावलं होतं: आत्ती कॅमेरा बघून लपती, पण तिचा एक तरी फोटो काढा. त्याने "काढतो की" म्हटलं होतं आणि विसरून गेला होता.

"बघतो की," आताही तो म्हणाला.

"मी स्टेजवरनं सारखं शोधत हुतो. पप्पा म्हणाले, रुसून आत बसली, अक्षताला आलीच न्हाय. आई गेल्यापासनं माझी वेणी तिनंच घातली ओ काका. अशी कशी रुसंल ती? मी काय केलतं तिला?"

या पोरीने प्रीवेडिंगच्या वेळी त्याला दिवसभर उन्हात नाचवलं होतं, म्हणून तिच्यावरही त्याचा राग होताच. पण असा प्रश्न ऐकून फोन ठेवणं त्याला जमलं नाही. "बघतो, नीट बघतो," एवढं बोलून त्याने सगळे फोटो, सगळं चित्रीकरण चाळायला घेतलं. हळद, रुखवत, पंगत, पाठवणी. विजयसिंह सगळीकडे होते. दोन ठिकाणी तर नवरदेवाच्याही पुढे होते. त्यांची थोरली बहीण झुंबरबाई कुठेच नव्हती.

ती सापडली त्या हललेल्या चित्रात. न कापलेल्या. लॉनच्या पार कडेला, आचाऱ्यांच्या मांडवाबाहेर, गॅसच्या सिलिंडरांच्या रांगेशी एक बाई उभी होती. फिक्या हिरव्या लुगड्यातली. रुसून आत बसलेली बाई काही अशी उन्हात टाचा उंचावून उभी राहत नाही. 'शुभमंगल सावधान' झालं तसा तिचा हात वर गेला आणि तिने मूठभर अक्षता स्टेजच्या दिशेने फेकल्या. इतक्या लांबून त्या कुठल्या पोहोचायला? सिलिंडरांवरच पडल्या. मग तिने दोन्ही हात जोडले आणि आचाऱ्यांच्या मांडवात परत गेली.

वर्धमानने शेजारच्या पडद्यावर थरथर काढलेलं, कापलेलं चित्र लावलं. त्यात खांब सरळ उभे होते आणि सिलिंडर नव्हते.

झुंबरबाई विधवा होती, ऐन तारुण्यात माहेरी परत आलेली; म्हणूनच तिला अक्षतांपासून लांब ठेवलेलं. आणि गंमत अशी, की विधवांना शुभकार्यात मान द्यायचा, कुंकवाला आडकाठी करायची नाही, असा ठराव गावच्या ग्रामसभेत विजयसिंहांनीच मांडला होता. ते तेव्हा सरपंच होते. स्टेजवर बोलावून त्यांनी आपल्या या आक्कांना स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायला लावलं, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. तो फोटोही वर्धमाननेच काढला होता. "आक्का, जरा हसा," असं तोच म्हणाला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण या पाषाणाला शेंदूर फासणारे हात आपलेच, हे वर्धमानला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं आणि त्याची त्याला किळस आली.

शनिवारी विजयसिंह पुन्हा आले. सुधारलेलं चित्र त्यांनी दोनदा बघितलं आणि खूश झाले.

"आत्ता कसं! ह्याला म्हणायचं लगीन."

"साहेब, एक हाय," वर्धमान म्हणाला. "थरथर काढली की कड कापली जात्या. त्या कडंला आक्का हाईत. ह्यात त्या जात्यात."

त्याने मूळ चित्र लावून दाखवलं. विजयसिंह थोडे पुढे वाकले, बघितलं आणि मागे टेकले.

"मग जाऊ दे की. कडंलाच हुती ती. कडंचं काय एवढं?"

"मोनाताई विचारत हुत्या."

"मोनाला मी सांगितलंय काय ते." त्यांनी मोबाइल खिशात घातला. "तुझं काम थरथर काढायचं. तेवढं कर."

"व्हय साहेब," वर्धमान म्हणाला.

वर्धमानला झुंबरबाईची दया आली, असं कुणी समजू नये. दया हा त्याचा प्रांत नव्हता. त्याला संताप आला होता, आणि त्यातला निम्मा त्या 'व्हय साहेब'वर होता. पेन ड्राइव्हमध्ये त्याने सगळं लग्न छान, थांबलेलं, गुळगुळीत भरलं. फक्त अक्षतांचा तुकडा तेवढा जसाच्या तसा ठेवला.

रविवारी बंगल्याचा हॉल माणसांनी गच्च भरला होता. व्याही सोफ्यावर, शेजारी जावई आणि मोना, मोनाच्या दुसऱ्या बाजूला विजयसिंह. वर्धमान दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिला. हळद झाली, वरात झाली. पाहुणे माना डोलवत होते. मग अक्षता आल्या आणि अख्खं लॉन डचमळायला लागलं.

"आयला, मांडव नाचतोय की!" कुणीतरी ओरडलं. हॉलभर हशा पिकला. व्याह्यांनी रुमाल तोंडाला लावला. एक पोरगं त्या तालावर कंबर हलवायला लागलं, तसे लोक आणखीच खिदळले.

विजयसिंहांचा चेहरा लाल झाला. "वर्धमान, पंचवीस वर्षं काय गवत उपटलंस व्हय? ह्यापरास यशराजला बोलावलं असतं तर बरं झालं असतं."

वाढदिवसाचं काम गेलं, हे वर्धमानला तिथल्या तिथे कळलं. तो मोनाकडे बघत होता. मोना हसत नव्हती. ती पुढे सरकली, तिने टीपॉयवरचा रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

"ती आत्ती हाय," ती म्हणाली.

हशा हळूहळू विरला. सिलिंडरांच्या रांगेशी हात वर केलेली बाई आता सगळ्यांना दिसली. थरथरत्या चित्रात थांबवल्यामुळे तिचा हात कोपरापासून विचित्र वाकला होता, पण अक्षता फेकणारा हात ओळखायला कुणाला काही शिकावं लागत नाही.

"पप्पा," मोना म्हणाली, "तुम्ही म्हणालता रुसल्या."

"अगं, ते कापायचं हुतं," विजयसिंह वर्धमानकडे डोळे वटारून म्हणाले. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. व्याह्यांच्याही आलं. त्यांनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला.

स्वयंपाकघराच्या दारात झुंबरबाई उभी होती. भाकऱ्या थापता थापता हॉल एकदम शांत कसा झाला, ते बघायला आलेली. तिने टीव्हीतला आपलाच हात बघितला.

"माझा हात असा वाकडा हाय व्हय?" तिने विचारलं.

"मशीन हाललं, आक्का," वर्धमान म्हणाला. "हात सरळच हाय तुमचा."

मोना उठली. आत्तीला दंडाला धरून तिने हॉलमध्ये आणलं, माणसांमधून, सोफ्यापर्यंत.

"सरका," ती वडिलांना म्हणाली.

विजयसिंहांनी एकवार व्याह्यांकडे बघितलं, आणि सरकले. झुंबरबाई बसली. पिठाचे हात सोफ्याच्या मखमलीला लागू नयेत म्हणून तिने ते गुडघ्यांवर उताणे ठेवले. मोना तिला खेटून बसली.

"पयल्यापासनं लाव," झुंबरबाई म्हणाली. "मी कायबी बघितलं न्हाय."