स्पर्धेचा चौथा नियम

ही स्पर्धा माझ्या स्वयंपाकघरात जन्मली, पण ते कुणी छापत नाही. छापतात ते माझ्या नवऱ्याचं नाव: बास्केटबॉल कोच ओर्व्हिल स्टकी, छोट्या कॉलेजांचा कैवारी! एकोणीसशे सदतीस साली सहा कोच माझ्या टेबलाशी बसून मीच भाजलेला ॲपल पाय हाणत होते आणि मोठ्या विद्यापीठांच्या नावानं बोटं मोडत होते. "ते आपल्याला दारात उभं करत नाहीत. आपली वेगळी बास्केटबॉल स्पर्धा काढू, कॅन्सस सिटीत." कॉलेजला कारकून नव्हता, म्हणून नियम टाइप करायला मी. चौथा नियम आला: संघात काळा खेळाडू चालणार नाही.

"अरे, दारात उभं करत नाहीत म्हणून तासभर रडताय ना?" मी म्हणाले.

"हेस्टर, टाइप कर," ओर्व्हिल म्हणाला. "नाहीतर दक्षिणेतली कॉलेजं येणार नाहीत. आधी सुरू तर होऊ दे. पुढचं पुढे."

आणि मी केला टाइप. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे!

पुढचं पुढे म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. सत्तेचाळीस साली आमचा संघ प्रथमच पात्र ठरला तो लेव्ही टॉलिव्हरच्या जोरावर. शेवटच्या वर्षाचा पोरगा, काळा, आणि बास्केटमध्ये चेंडू टाकणारा असा नेमबाज आमच्या गावानं पाहिला नव्हता. बाहेरगावच्या सामन्यांना हॉटेलवाले त्याला आत घेत नसत, म्हणून मी दहाही पोरांना बुटांच्या खोक्यांतून कोंबडी बांधून द्यायची. सगळे गाडीतच जेवायचे.

चौथा नियम काढा म्हणून ओर्व्हिलनं स्पर्धेच्या समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, यंदा नाही. तसा तो भडकला आणि कुणालाही न विचारता संघच मागे घेतला. पेपरात फोटो आला: तत्त्वासाठी माघार! पाद्र्यानं प्रवचनात नाव घेतलं. दोन दिवस ओर्व्हिलचे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी लेव्ही घरी आला.

"बस, पोरा," ओर्व्हिल म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं."

"मला विचारलंत, सर? मला तिथं घेऊन जायला हवं होतं. दारात त्यांनी मला अडवलं असतं, सगळ्यांसमोर. निदान मी तिथं उभा तरी राहिलो असतो."

"तमाशा झाला असता."

"तो माझा झाला असता. आता पेपरात तुमचं नाव आहे, आणि मी 'एक काळा विद्यार्थी'."

"पुढच्या वर्षी मी नियम काढायला लावतो."

"पुढच्या वर्षी मी कॉलेजात नाही, सर."

तो गेल्यावर ओर्व्हिल पुटपुटला, "एवढं करून हे! कृतघ्न."

माझं डोकंच फिरलं. "त्याला खेळायचं होतं, मेल्या! तुला चांगलं दिसायचं होतं!"

पुढच्या वर्षी नियम खरंच गेला. ओर्व्हिलला मंचावर ढाल मिळणार होती, म्हणून आम्ही कॅन्सस सिटीला उतरलो. स्टेशनवर लाल टोपीचा हमाल आमच्या बॅगा उचलायला वाकला. लेव्ही होता. पदवीधर लेव्ही.

"अभिनंदन, सर," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. बॅगा टॅक्सीत ठेवून तो बाजूला उभा राहिला.

काय करावं ते सुचेना, तसा ओर्व्हिलचा हात बक्षिशीसाठी खिशात गेला.

"खबरदार," मी म्हणाले.