हस्तिदंती की सायीचा

बाबांना खोलीला रंग द्यायचा होता आणि लग्न करायचं होतं. पहिली गोष्ट त्यांनी रंगाऱ्याला सांगितली होती, दुसरी फक्त मला. जिला विचारायचं, तिच्यासमोर गेलं की त्यांची दातखीळ बसायची. आणि ते दातही तिनेच केलेले.

या बाई दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायच्या. बाबांची कवळी बसवता बसवता बाबांचा जीवही तिथेच बसला. रंगाऱ्याने भिंतीवर हस्तिदंती आणि सायीचा असे दोन पट्टे ओढले आणि बाबांना आयती सबब सापडली. "पांढऱ्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" म्हणत त्यांनी बाईंना बोलावलं.

मला दोन्ही पट्टे एकच दिसत होते. बाई मात्र नमुन्याच्या दातांचा जुडगा घेऊन आल्या आणि एकेक दात भिंतीला लावून बघू लागल्या. मध्येच त्या निळ्या पडद्याकडे मान वळवत.

"पांढरं फार वेळ बघितलं की डोळा फसतो," त्या म्हणाल्या. "निळ्यावर त्याला विसावा मिळतो."

बाबा आत जाऊन निळा शर्ट घालून आले. येताना पडदा काढून धुवायला टाकला.

मग बाईंचा विसावा वाढतच गेला. रविवारमागून रविवार गेले. बाबा सायीचा म्हणाले की बाई हस्तिदंती म्हणत, आणि उलट. रंगारी चहा पिऊन परत जायचा. मला हसू आवरत नव्हतं, पण धास्तीही होती. रंग एकदा ठरला की बाई कशाला येतील?

शेवटी रंगाऱ्याने दम भरला. "आज ठरवा, नाहीतर मी दुसरं काम धरतो."

बाबांचा चेहरा पडला. बाई पट्ट्यांपुढे उभ्या राहिल्या.

"दुपारचे दोन्ही चांगले दिसतात. पण निजायच्या खोलीचा रंग सकाळी उठल्या उठल्या बघावा लागतो."

"मग सकाळी या ना," बाबा म्हणाले. "मी चहा ठेवतो."

मी कपाळावर हात मारला.

"असं पाहुणी म्हणून येऊन नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "इथे राहून रोज बघावं लागेल. तुमची हरकत नसेल तर."

बाबांच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत मी आनंदाने रडायलाही लागले होते. त्यांनी नुसतीच होकाराची मान हलवली, पण किती जोरात.

"ते सगळं ठीक," रंगारी म्हणाला. "मी लावू कुठला?"

"कुठलाही लाव," दोघं एकदम म्हणाले.