अजून मुरला नाही

भाड्याच्या घराला स्वयंपाकघर आहे, एवढं मी बोलले मात्र, आणि आईने अख्खं घर खोक्यांत भरायला घेतलं. तांदूळ, साखर, अंडी, चहाचं गाळणं, स्वतःची सुरी. भाड्याच्या घरातल्या सुऱ्या बोथट असतात म्हणे. समुद्राकाठी चार दिवस राहायला चाललो होतो आणि सामान बघून वाटावं, हिने संसारच हलवला. निदान मीठ तरी तिकडे मिळेल की, मी म्हणाले.

“समुद्रच आहे तिकडे, मिठाला काय तोटा,” बाबा पलंगावरून म्हणाले.

बाबा जन्मभर बसचे कंडक्टर. चालत्या गाडीत कशालाही न धरता उभे राहायचे. आता बाथरूमपर्यंत जायचं तरी माझ्या भावाचा खांदा लागायचा. समुद्र बघायचाय, एवढंच त्यांनी मागितलं होतं. डॉक्टर म्हणाले, न्या, पण लवकर न्या. ते महिन्यांत बोललेच नाहीत, आठवड्यांत बोलले. आईला हे मीच सांगितलं, कारण आमच्या घरात कडू बोलायचं खातं माझ्याकडे आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, “डॉक्टर म्हणजे काय देव आहेत?” म्हणाली आणि पिशवी घेऊन बाजारात गेली. संध्याकाळी संत्र्याच्या सालींचा मुरंबा गॅसवर होता.

हा मुरंबा म्हणजे बाबांचा जीव की प्राण. आणि आईचा नियम असा, की दोन महिने मुरल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही. त्याआधी सालीचा कडूपणा जात नाही. दरवर्षी बाबा चमचा घेऊन घिरट्या घालायचे आणि आई त्यांना त्यांच्याच बसमधली पाटी ऐकवायची: अति घाई, संकटात नेई. दोन महिने! मी गॅसपाशी उभी होते, माझं डोकंच फिरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ती किती दिवस झाकून ठेवणार?

निघायच्या सकाळी आई बरणी टॉवेलात गुंडाळताना दिसली, तेव्हा मी स्पष्टच विचारलं. उघडायची नाही तर न्यायची कशाला? ती म्हणाली, घरी ठेवली तर कुणीतरी हलवेल. घराला तर कुलूप लागणार होतं.

“आई, तू कुणाला फसवतेस?”

तिने टॉवेलाला आणखी एक गाठ मारली.

गाडीत बरणी तिच्या मांडीवर होती. बाबांनी पुढच्या सीटवरून मान वळवून पाहिलं.

“हिचं तिकीट काढलंय का?”

“लहान आहे अजून,” आई म्हणाली.

“मग अर्धं लागेल.”

भाऊ गाडी चालवता चालवता हसला. मीही हसले, पण राग गेला नव्हता.

घर बरं होतं. कपाटांवर मालकिणीने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: ओला टॉवेल इथे ठेवू नये, खिडकी ओढून लावावी. सुऱ्या खरोखरच बोथट निघाल्या आणि आईने त्या मला मुद्दाम दाखवल्या. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून दिवसभर समुद्र बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्यांनी पाव तसाच ठेवला आणि म्हणाले, चमचाभर मुरंबा दे की, चव तरी बघू.

“कच्चा आहे. कडू लागेल.”

“लागू दे.”

“अति घाई,” आई म्हणाली.

“संकटात नेई.” वाक्य त्यांनीच पुरं केलं आणि पुन्हा काही मागितलं नाही. मी आईकडे रोखून पाहत होते. ती टेबल पुसत राहिली.

तिसऱ्या दिवशी ते खुर्चीपर्यंत आले नाहीत. भावाने आणि मी पलंगच खिडकीकडे सरकवला. आईने भाताची पेज नेली, त्यांनी ओठ मिटून घेतले. थोड्या वेळाने परत नेली, तर मान भिंतीकडे वळवली. आई वाटी घेऊन स्वयंपाकघरात आली, वाटी ओट्यावर ठेवली आणि तशीच उभी राहिली. मग तिने टॉवेलाच्या गाठी सोडायला घेतल्या.

मी कप विसळत होते. हिने एकदाचं खरं मानावं म्हणून मी इतके दिवस तिच्याशी भांडत होते. आता तिचे हात बरणीवर बघून मी कप तसाच खाली ठेवला.

“आई, राहू दे ना,” मी म्हणाले. “अजून मुरला नाही.”

“तू बरणी धर,” ती म्हणाली. “मला एकटीला निघायचं नाही झाकण.”

मी धरली. तिने जोर लावून झाकण फिरवलं. झाकणाला लागलेलं मी बोटाने चाटून बघितलं. कडूजहर होतं. मला रडू आवरेना, तशी आईने ओल्या हाताने माझं तोंड पुसलं आणि आत यायचं तर हे रडणं इथेच ठेवून ये म्हणाली.

तिने चमच्याच्या टोकावर थोडासा मुरंबा घेतला आणि बाबांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड उघडलं. कडूपणाने त्यांचे डोळे घट्ट मिटले. बराच वेळ लागला, पण त्यांनी तो गिळला.

“छान मुरलाय,” ते म्हणाले.

“हो,” आई म्हणाली. “या वेळी लवकर मुरला.”