अर्धी वीट

युनूस मिस्त्रीने संडासात उकिडवं बसून डाव्या पायदगडाशेजारची अर्धी वीट बोटाने दाबली, तशी ती हलली. ही वीट त्याने बसवलेली नव्हती. त्याच्या हातची वीट हलत नसे. पण वरून ती टाचेने घासून गुळगुळीत झाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं कुणीतरी दगड सोडून तिच्यावर पाय ठेवत होतं, आणि तेही तिरकं बसून. त्याला सगळं उमगलं.

"झाली का मापं?" बाहेरून हमीदने विचारलं.

"झालीच."

त्याने वीट उचलून हत्यारांच्या पिशवीत थापीखाली सारली आणि तोंड पुसत बाहेर आला. माघातली थंडी होती, घाम यायचं काही कारण नव्हतं.

परसात बाजेवर मेहरुनभाभी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी घेऊन. दिवाळीच्या सुमारास त्या याच संडासात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता कशाबशा चार पावलं टाकत. म्हणून न्हाणी आणि संडास यांच्यामधली भिंत पाडून एकच खोली करायची आणि तिचं दार घरातून काढायचं, असं त्यांच्या मुलाने, हमीदने, ठरवलं होतं. हमीद रेल्वेत कारकून; त्याचं सगळं गाडीच्या वेळेवर चाले.

"बसायची जागा आहे तिथेच राहू द्या, चाचा," तो म्हणाला. "पायदगड पक्के आहेत. फक्त भिंत काढा आणि धरायला एक दांडा ठोका. अम्माचे पाय हल्ली धड पडत नाहीत, त्यात तिचे नसते उद्योग. कुठून तरी विटेचा तुकडा आणून आत ठेवला होता. त्याच्यावरूनच पडली. कशाला ठेवलास म्हणून विचारलं तर तोंडातून शब्द नाही."

मेहरुनभाभींनी पदर कपाळावर ओढला आणि त्या समोरच्या पेरूच्या झाडाकडे बघत राहिल्या.

नऊ वर्षांपूर्वी हे घर युनूसनेच बांधलं होतं, आषाढात. खंडाळ्याकडच्या धुक्यात बारा दिवस सूर्य दिसला नव्हता. किबल्याकडे, म्हणजे मावळतीकडे, तोंड किंवा पाठ करून शौचाला बसायचं नसतं, हे मुसलमानाच्या घरातलं पोरगंही जाणतं. तेव्हा दिशा कुणाला तरी विचारायची. पण मावळातला नामांकित मिस्त्री विचारणार कुणाला? त्याने खालचे रेल्वेचे रूळ पाहिले. रूळ मुंबईला जातात, मुंबई मावळतीला, हिशेब सोपा. त्याने रुळांना काटकोनात दोरी लावली आणि पायदगड बसवले. बोगद्याअलीकडे रूळ उत्तरेला वळतात, एवढंच शहाणा विसरला.

घर पुरं झालं, त्या संध्याकाळी ढग फाटले. संडासाचं दार उघडं होतं आणि सूर्य बरोबर पायदगडांच्या समोर मावळत होता. युनूसने दार लोटून घेतलं आणि मुकाट्याने घरी गेला. उद्या सांगू म्हणाला. भाभींचे मालक तेव्हा अंथरुणाला खिळले होते, नव्या घरात नुकत्याच आणून निजवलेल्या माणसाला काय सांगायचं? ते गेले. मग विधवा बाईला काय सांगायचं? हमीद तर नमाजाला ईदचा चंद्र, वर्षातून एकदा दिसणारा, त्याच्या ध्यानात काही येण्यातला नव्हता. दर ईदला युनूस इथे शीरखुर्मा खाऊन जाई, पण परसात पाऊल टाकत नसे. आपल्या चुकीचं कुणाला काही नाही, असं त्याने मनाला पटवलं होतं. आणि इथे ही बाई नऊ वर्षं अर्ध्या विटेवर पाय ठेवून अंग वळवून बसत होती.

त्याने चुन्याच्या फक्कीची मूठ भरली आणि परसातल्या मातीवर नवी खोली आखली. इथे दार, उजव्या हाताला रांजण, कोपऱ्यात बंब. शेवटी पायदगड. ते त्याने वळवून उत्तरेकडे तोंड करून काढले.

"हे का फिरवलं?" हमीदने विचारलं.

"उताराला बरं पडंल. पानी साचायचं न्हाई."

जीभ कशी झरकन वळली! येत्या शुक्रवारी कान्हे गावात नव्या मशिदीची आखणी होती. मेहराबीची, म्हणजे किबला दाखवणाऱ्या कोनाड्याची, दोरी युनूसने लावायची, असं भाभींच्या भावाने, चाँदभाईने, ठरवलं होतं. ज्याला संडासाची दिशा धड साधली नाही, त्याला मशिदीत कोण उभं करील?

हमीद फक्कीच्या रेघांकडे बघत राहिला. "पण आजवर तर पाणी कधी साचलं नाही."

"साचायचं," मेहरुनभाभी पहिल्यांदाच बोलल्या. "तुला काय ठावं? मिस्त्री म्हनतोय ते बरोबर हाय."

युनूसने मान वर केली. भाभी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची बोटं काठीवरून हळूहळू फिरत होती. पोराचे बोल त्यांनी खाल्ले, हाड मोडून घेतलं, आणि आता युनूसचं खोटंही स्वतःच्या पदरात घेतलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पिशवी ओढली, थापी बाजूला केली आणि अर्धी वीट काढून फक्कीच्या रेघेवर ठेवली.

"हमीद, पानी कधीच साचलं न्हवतं. तुझी अम्मा धडच हाय. दगड मी चुकीचं बसवलं. किबल्याकडं तोंड व्हतं. म्हनून तिनं ही वीट ठेवली. मला पहिल्याच दिशी कळालं व्हतं, पन मी बोललो न्हाई."

हमीद विटेकडे बघत राहिला, मग आईकडे. तो आईच्या बाजेच्या कडेला टेकला.

"चाँदभाईला मी आजच सांगतो," युनूस म्हणाला. "मेहराबीला दुसरा मिस्त्री बघा म्हनून."

"त्याला ठावं हाय," मेहरुनभाभी म्हणाल्या.

"काय ठावं हाय?"

"सगळं. मला इचाराय आलता, युनूसला काम देऊ का म्हनून. मी म्हनलं, दे. एकदा चुकलेला मानूस हाय, आता इचारल्याबिगर दोरी लावायचा न्हाई."

ऊन उतरलं होतं. डोंगरामागे सूर्य अर्धा बुडाला होता, ढगाचं नखही आभाळात नव्हतं. युनूसने गुंडाळीतून दोरी सोडली, एक खुंटी मातीत रोवली आणि दुसरी हातात धरून बाजेसमोर येऊन उभा राहिला.

"भाभी, किबला कुनीकडं?"

मेहरुनभाभींनी काठी उचलली आणि त्याला दिशा दाखवली.